मल्चिंग पेपर : चंदेरी बाजू वर

मे महिन्यात परभणीत पारा 43-44 अंशांवर जातो आणि काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही चिकण माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. आकसताना टोमॅटोची बारीक मुळं तुटतात आणि भेगांवाटे खालची ओलही उडून जाते. उन्हाळी टोमॅटोचं बरंचसं दुखणं इथे आहे.

गादीवाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरची, म्हणजे प्लास्टिकच्या आच्छादनाची, कड भर दुपारी उचलून पाहा. आतून पाण्याचे थेंब लटकलेले दिसतील. जमिनीतून निघालेली वाफ पेपरला अडते आणि थेंब होऊन मातीत परतते. खाली ठिबकची नळी असली की वाफसा एकसारखा टिकतो. ओल कमी-जास्त झाली की फळं तडकतात. पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियमही नीट पोचत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं.

पण पेपर कोणत्या रंगाचा? काळा पेपर ऊन शोषून माती तापवतो. थंडीत ते बरं, एप्रिल-मेमध्ये मुळांना मारक. पारदर्शक तर त्याहून वाईट. रिकाम्या ओल्या रानात रोगाच्या बुरश्या मारायला उन्हाळ्यात तोच अंथरतात. इथे चंदेरी-काळाच हवा, तोही चंदेरी बाजू वर करून. ती ऊन परतवते, खालची काळी बाजू प्रकाश अडवून तण दाबते. खालून उसळणाऱ्या उजेडाने पांढरी माशीही बिचकते. टोमॅटोची पानं गुंडाळणारा विषाणू पसरवणारी ती हीच. भेंडीवरचा हळद्या रोगही तीच पसरवते. एकेकाळी त्याला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी इथल्याच कृषी विद्यापीठाने दिली.

रोप लावताना छिद्र ऐसपैस ठेवा आणि लागवड संध्याकाळी करा. तापलेली कड कोवळ्या खोडाला टेकली की तिथेच साल भाजते आणि रोप कोलमडतं.

पेपर मुळं सांभाळतो, फुलं नाही, हे मात्र विक्रेते क्वचितच सांगतात. दिवसा तापमान 35 अंशांपुढे गेलं आणि रात्रही गार झाली नाही, तर परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. 32 अंशांपुढे लायकोपिन हे लाल द्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट राहतं. त्यावर उपाय लागवडीच्या तारखेत आहे. जानेवारीत लावलेल्या टोमॅटोला फेब्रुवारी-मार्चमध्येच फळधारणा होते. त्यापुढची लागवड असेल तर वर शेडनेट लागतंच.

पीक निघाल्यावर पेपरवर रोटाव्हेटर फिरवू नका, बांधावर जाळूही नका. पॉलिथिन कुजत नाही. त्याच्या चिंध्या काळ्या मातीत वर्षानुवर्षं राहतात, मुळं आणि पाणी दोन्ही अडवतात. फार पातळ पेपर स्वस्त मिळतो, पण उन्हाने फाटून गोळा होत नाही. 25 ते 30 मायक्रॉनचा घ्या, आणि हंगाम संपताच गुंडाळून रानाबाहेर काढा.