पंच आणि पडदा

कसोटी क्रिकेटमध्ये चित्रफीत पाहून निर्णय देण्याची प्रथा सुरू झाली ती नोव्हेंबर 1992 मध्ये, डरबनला. आणि त्या रीतीने धावचीत ठरलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. फुटबॉलच्या नियमांत हीच सोय यायला मात्र 2018 साल उजाडले. हा विलंब केवळ हट्टापायी झाला असे नव्हे. क्रिकेट प्रत्येक चेंडूनंतर आपोआप थांबते. त्या विसाव्यात पडद्याकडे पाहिले तर कोणाचे काही हिरावले जात नाही. फुटबॉल वाहता खेळ आहे. तो चौकशीसाठी अडवायचा म्हणजे कोणाची तरी चढाई अडवायची.

तथापि अन्यायही लहानसहान नव्हते. 1986 च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल साऱ्या जगाला दिसला, पंचांना तेवढा दिसला नाही. 2009 मध्ये फ्रान्सच्या आंरीने चेंडू हाताने थोपवला, त्यातून गोल झाला आणि आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद झाली. अखेर पडद्यासमोर साहाय्यक पंच बसला, पण कुंपणाच्या आत: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि खेळाडू ओळखण्यातली गफलत, तेव्हा एवढ्याच चार बाबी होत्या, आणि त्यांतही चूक उघड व ठळक असावी लागे.

पुढे हे कुंपण रुंद करण्याची मागणी झाली. दुसरे पिवळे कार्डही तपासावे, कॉर्नरही तपासावा, अशी चर्चा 2025 मध्ये जोरात होती. पिवळ्या कार्डाचे म्हणणे मला पटते. दोन पिवळ्या कार्डांनी बाहेर गेला काय, एका लाल कार्डाने गेला काय, खेळाडू जातो तो जातोच. मग एका शिक्षेवर दाद होती आणि दुसरीवर नव्हती, हा कुठला न्याय? कॉर्नरचे तसे नाही. ते सामन्यात आठ-दहा सहज होतात, आणि बहुतेकांतून काही निष्पन्न होत नाही. कॉर्नरमधून गोल होतो म्हणावे, तर तो थ्रो-इनमधूनही होतो. मग तोही तपासायचा काय?

शिवाय पडदा मोजमाप करतो, मत देत नाही. ऑफसाईड मोजता येते. हाताला चेंडू लागला की हाताने चेंडू अडवला, हे ठरवावे माणसालाच लागते. आणि चित्र संथ केले की अपघातही हेतुपुरस्सर वाटू लागतो.

30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासने केलेला गोल मैदानावर ऑफसाईड ठरला. पडद्यामागच्या पंचाने तपासले, त्याला तो योग्य दिसला. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे असे समजून त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले. गफलत ध्यानात आली तेव्हा खेळ पुन्हा सुरू झाला होता, आणि नियमाप्रमाणे मागे फिरता येईना. यंत्राने सारे अचूक दाखवले होते. लिव्हरपूल 2-1 ने हरले.