कण्याची मोजमापं (भाग ७) : कापायची कंबर, मोजायचा चेहरा

शिवडीचं टीबी हॉस्पिटल म्हटलं की मुंबईकराला खोकला आठवतो. पण क्षय मणक्यातही शिरतो. मणक्याचा पुढचा भाग खचतो, मागचा शाबूत राहतो आणि पाठीला पोक येतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७९ साली या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हापासून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं.

असा वाकलेला माणूस समोर पाहतो कसा? मान मागे टाकून. मानेचे मणके निरोगी असले तर नजरेची बाजू तेच सांभाळतात. म्हणून इथे डॉक्टर चेहरा मोजत नाहीत, एक्स-रेवर पोकाचा कोन मोजतात. शिवाय प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. मद्रासच्या प्रसिद्ध चाचणीत, चालत्याफिरत्या रुग्णांपैकी फक्त औषधं घेतलेल्या दोन गटांतले ९४ आणि ९९ टक्के दहा वर्षांनी ठीक होते; शस्त्रक्रिया आणि औषधं दोन्ही मिळालेल्यांत हे प्रमाण ९० टक्के होतं.

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचं गणित वेगळं. ऐन तारुण्यात सकाळी कंबर आखडायला लागते, पुढे काहींचे मणके एकमेकांना जुळून वाकलेला कणा तसाच अखंड होतो. एक्स-रेवर तो बांबूसारखा दिसतो. त्यात मानही गोठली की माणसाला आपल्या पायांपलीकडचं दिसेनासं होतं.

इथे चेहरा कामाला येतो. रुग्णाला गुडघे सरळ ठेवून उभं करायचं, बाजूने फोटो घ्यायचा, भुवईपासून हनुवटीपर्यंत रेघ ओढायची आणि ती ओळंब्याशी किती अंशांचा कोन करते ते पाहायचं. दातांचे डॉक्टरही चेहऱ्याची बाजू मोजतात, पण त्यांच्या रेघा कवटीतल्याच खुणांशी ताडलेल्या असतात. मणक्याच्या सर्जनला कवटीशी देणंघेणं नाही. त्याला नजर जमिनीकडे किती झुकली आहे ते हवं असतं.

चेहरा मोजून कापतात मात्र कंबर. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो, त्याखाली नसांचा झुपका असतो, म्हणून तिथे हात घालणं तुलनेने कमी जोखमीचं. एका मणक्यातून पाचरीच्या आकाराचं हाड काढून फट मिटवली की सुमारे तीस अंश सुधारणा मिळते. वरचा सगळा कणा एकसंध असल्याने चेहराही तितकाच वर उचलला जातो.

मग पूर्ण सरळ का करू नये? २००३ मध्ये कोरियातल्या सर्जननी हेच तपासलं. चेहरा उणे दहा (किंचित वर) ते अधिक दहा (किंचित खाली झुकलेला) अंशांत असलेल्यांची समोरची नजर सर्वांत चांगली निघाली. जास्त वर उचललेल्यांना मात्र खालचं दिसेना. २०१६ च्या एका चिनी अभ्यासाने तर दहा ते वीस अंश झुकाव राखावा असं सुचवलं.

शिवडी-लालबागच्या घरांसाठी हा चिनी आकडाच जास्त पटतो. विळीवर भाजी चिरायची, जमिनीवर बसून ताट पाहायचं, चाळीचा काळोखा जिना उतरायचा, लोकलमधून उतरताना फलाट आणि पायरीतली फट ओलांडायची: या सगळ्यात नजर खालीच लागते. शस्त्रक्रियेच्या आधी एक्स-रेसोबत रुग्णाच्या घरात ओटा आहे की विळी, घर कितव्या मजल्यावर आहे, हेही केसपेपरवर लिहून घ्यायला हवं.

(पुढच्या आठवड्यात : माकडहाडाची तिरप)