‘काही कळलंच नाही, डॉक्टर’: आजूबाजूचे भान का सुटते?

दवाखान्यात जखम बांधताना मी विचारतो, ‘कसं झालं?’ उत्तर बहुतेक वेळा एकच असते: ‘काही कळलंच नाही, डॉक्टर.’ रुग्ण खोटे बोलत नसतो. डोळे उघडे असले तरी मेंदू समोरचे सगळे टिपत नाही. लक्ष असते तेवढेच तो नीट पाहतो आणि बाकीचे अंदाजाने भरून काढतो. वाट जितकी रोजची, तितका अंदाज जास्त. म्हणूनच अनोळखी घाटातून सुखरूप येणारा माणूस स्वतःच्या गोठ्याच्या पायरीवर घसरतो.

‘नेहमी सावध राहा’ हा सल्ला मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. दिवसभर सगळीकडे लक्ष ठेवणे कोणालाच जमत नाही. जमण्यासारखे एवढेच, की धोका कोणत्या क्षणी असतो ते आधी माहीत करून घ्यायचे आणि त्या क्षणापुरते थांबून पाहायचे. सातारा-सांगली भागातले असे काही क्षण इथे सांगतो.

रात्री शेतात जाताना

शेतीपंपाची वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत येते. मग अर्ध्या झोपेतून उठून मोटर चालू करायला, उसाला पाणी पाजायला जावे लागते. सोबत बॅटरी म्हणून मोबाइलच असतो. त्यात कोणाचा फोन आला आणि तो कानाला लावला, की उजेड पायाखाली पडत नाही. पाय अंधारात, सवयीने पडत राहतात.

घोणस हा साप माणूस जवळ आला तरी पुष्कळदा जागेवरून हलत नाही. वाळलेल्या पाल्यात, पाचटात तो चटकन दिसत नाही. पाय अगदी जवळ पडला की चावतो. त्या जागी लगेच वेदना आणि सूज येते. पुढे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

मण्यारीचे उलटे आहे. ती रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक, की झोपमोडही होत नाही; सूजही जवळपास नसते. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. घरचे पित्त समजून गोळी देतात आणि मोलाचे तास जातात. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे नाग आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, पण मण्यारीबद्दल फारच कमी बोलले जाते, हे मला नेहमी खटकते.

म्हणून रात्री शेतात जाताना वेगळी बॅटरी घ्या आणि तिचा उजेड पुढच्या दोन पावलांवर ठेवा. गमबूट घाला. काठी जमिनीवर आपटत चाला. फोन आला तर बांधावर उभे राहून बोला, चालताना नको. कडब्याच्या गंजीत, शेणींच्या ढिगात किंवा मोटरच्या पेटीमागे हात घालण्याआधी उजेड पाडून बघा. खाली झोपत असाल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा.

तरीही साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. अंगठी, पैंजण, घट्ट कपडे काढा. हात-पाय मोडल्यावर पट्टीला बांधतात तसा, न आवळता, हलणार नाही असा ठेवा. रुग्णाला चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने, सापाचे इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात न्या. सापाला मारून सोबत आणण्याची गरज नाही. आपल्याकडचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तासही नंतर भरून काढता येत नाही.

समोरून गाडीचा झोत आल्यावर

गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि काहींना मागे धड दिवाही नसतो. समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांत गेला, की नंतर काही सेकंद नीट दिसत नाही. वय वाढलेले असेल किंवा मोतीबिंदू असेल, तर आणखी वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तुम्ही तीन सेकंदांत ५० मीटर जाता. म्हणजे पन्नास मीटर जवळपास आंधळेपणाने! झोत दिसताच वेग कमी करा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. मोटारसायकलवर असाल तर कानातले इअरफोन आधी काढा.

जत्रेच्या गर्दीत

२५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवच्या काळूबाई यात्रेत सुमारे ३०० भाविकांचा मृत्यू झाला. अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि नंतर दुकानांना लागलेली आग, असे सगळे एकत्र आले. अशा गर्दीत माणसे केवळ तुडवली जाऊन मरत नाहीत. चारी बाजूंच्या दाबाने छाती फुलत नाही आणि श्वास कोंडतो. पडलेल्यांच्या जागी मी दोष शोधत नाही. तिथवर पोहोचल्यावर एकट्या माणसाच्या हातात फार थोडे उरते. वेळ असते ती त्याच्या आधी. हात वर करून चेहऱ्याला लावता येत नसेल किंवा तुम्ही न चालताही पुढे ढकलले जात असाल, तर दर्शन सोडा आणि तिरके सरकत कडेला निघा. दोन्ही हात छातीसमोर धरा. पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. लहान मुलाला कडेवर घ्या.

भान कमी झाले आहे की शरीर बिघडले आहे?

‘आजोबांचं हल्ली लक्षच नसतं’ असे घरचे सांगतात, तेव्हा मी आधी कान, डोळे आणि तळपाय तपासतो. ऐकू कमी येणाऱ्याला मागची गाडी कळत नाही. मधुमेहात तळपाय बधिर झालेल्या माणसाला पायात रुतलेला काटा दुसऱ्या दिवशी मोज्यावर रक्त दिसल्यावर कळतो. सर्दीच्या काही गोळ्या, खोकल्याची काही औषधे आणि झोपेची गोळी यांची सुस्ती सकाळीही राहते. अशी गोळी घेतल्यावर गाडी किंवा कडबाकुट्टी चालवू नका. घेत असलेली सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

मात्र काल ठीक असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, कुठे आहे ते त्याला कळेना किंवा तो फार गुंगीत राहू लागला, तर त्याला विसराळूपणा समजू नका. साखर कमी होणे, रक्तातील सोडियम घटणे, लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पक्षाघात अशी कारणे त्यामागे असू शकतात. मधुमेही असेल तर लगेच साखर तपासा. ती ७० पेक्षा कमी असेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. तोंड वाकडे झाले असेल किंवा एका बाजूचा हात गळत असेल, तर लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि लगेच रुग्णालयात पोहोचा. तिथे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.