मैफलींतील उपद्रव

गाणें ऐकावयाचें म्हटलें कीं आम्हां करमाडकरांना शहर गांठावें लागतें. करमाड हें छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें, वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावरचें गांव. तेथें आगगाडीही थांबते. गांवच्या शाळेंत मीं आयुष्यभर मास्तरकी केली. त्या काळांत आणि निवृत्तीनंतर मिळून ज्या मैफली ऐकल्या, त्यांतील बहुतेक सगळ्या परतीच्या गाडीच्या वेळेकडे एक डोळा ठेवून ऐकल्या. म्हणून मैफलींत होणाऱ्या उपद्रवांबद्दल मी आज दोन्ही बाजूंनीं बोलणार आहें. मला उपद्रव झालेला आहे, आणि माझाही उपद्रव इतरांना झालेला आहे.

या उपद्रवांची यादी कोणालाही देतां येईल. उशिरां येणारा, लौकर उठणारा, शेजाऱ्याशीं कुजबुजणारा, खिशांतील दूरध्वनि वाजूं देणारा, खुर्चीच्या हातावर चुकीचा ताल धरणारा, आणि कुरकुरीत खाद्याची पिशवी दहा मिनिटें सावकाश फोडणारा. परंतु हींच माणसें चित्रपटगृहांत भेटतात तेव्हां आपण इतके कष्टी होत नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार करण्यासारखा आहे. चित्रपट आधींच तयार होऊन पडद्यावर आलेला असतो. प्रेक्षकानें कितीही गोंधळ घातला तरी त्यांतील नायिकेचा सूर ढळत नाहीं. ख्यालगायनाचें तसें नाहीं. बंदिशीच्या दोन-चार ओळी आणि रागाचे नियम एवढी शिदोरी घेऊन गवई येतो. बाकीचें सर्व गाणें तो आपल्यासमोर, त्या क्षणीं घडवीत असतो. तेथें गडबड करणारा मनुष्य शेजाऱ्याच्या सुखांत व्यत्यय आणतोच, शिवाय जें घडावयाचें आहे तेंही बिघडवितो. पिशवी फुटली म्हणून एखादी जागा सुचतां सुचतां राहून गेली, हें कोणास कळणारही नाहीं.

आरंभ तंबोऱ्यापासून करूं. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, आणि रागांत पंचम वर्ज्य असल्यास मध्यमाची अथवा निषादाची, मधल्या दोन षड्जाच्या जोडीच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. ती बरोबर लागली म्हणजे तारेंतून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वरही उमटूं लागतात, आणि षड्जाच्या तारेंतून चक्क गंधार ऐकूं येतो. हा गंधार कोणीं छेडलेला नसतो. तो तारेच्या कंपनांतून आपोआप निघतो. तो इतका बारीक असतो कीं पुढच्या रांगेंत खुर्ची करकरली तरी हरवतो. गवई त्या स्वरांच्या आधारानें आपला स्वर लावीत असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं सभागृहांत अमुक काका इकडे या, तमुक वहिनी तिकडे बसा, असा लग्नघरांतला गलबला चाललेला असतो. तंबोरे जुळविणें म्हणजे कार्यक्रमाआधींचा मोकळा वेळ, अशी आपली समजूत आहे. मध्येंच वाद्य पुन्हां जुळवूं लागले तर आपण घड्याळ पाहतों. दिव्यांच्या उष्णतेनें तार सैल पडते आणि दमट हवेनें तबल्याचें चामडें उतरतें, म्हणून हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोके द्यावे लागतात, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

याच्या उलट एक प्रकार परदेशीं घडला. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें बांगला देशच्या निर्वासितांच्या मदतीसाठीं मोठा जलसा झाला. पंडित रविशंकर सतारीवर, उस्ताद अली अकबर खां सरोदावर आणि उस्ताद अल्लारखां तबल्यावर होते. वाद्यांची जुळवणी संपतांच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हां पंडितजींनीं त्यांचे आभार मानले आणि जुळवणी एवढी आवडली तर वादन त्याहून आवडेल, अशी आशा बोलून दाखविली. आपण या गोष्टीवर हंसतों. परंतु त्या अजाण श्रोत्यांनीं जुळवणी निदान कान देऊन ऐकली होती. आपला जाणता श्रोता त्या वेळीं बाहेर चहा घेत असतो.

कुजबुजीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. प्रत्येकीचे चार भाग केले म्हणजे अठ्ठेचाळीस. अगदीं संथ लयींत एक आवर्तन पुरें व्हावयास पाऊण ते एक मिनिट लागतें. त्या मिनिटांत गवई एखाद-दुसऱ्या स्वराभोंवतीं फिरून मुखडा पकडतो आणि समेवर येतो. "परवां यांचें गाणें पुण्यालाही झालें म्हणे, आमचे मेहुणे गेले होते," एवढें आपण शेजाऱ्यास सांगितलें आणि त्यानें "हो का?" असें विचारलें, कीं एक आवर्तन समेसकट गेलें. शास्त्रज्ञ ध्वनीची तीव्रता डेसिबलांत मोजतात. कुजबूज सुमारें ३० डेसिबलांची धरली, तर साधें संभाषण ६० च्या आसपास भरतें. हा आंकडा दुप्पट दिसतो, पण हें मापच असें आहे कीं दर दहा डेसिबलांना ध्वनीची शक्ति दसपट होते. म्हणजे साध्या बोलण्यांत कुजबुजीच्या हजारपट शक्ति असते. मंद्र सप्तकांतील हळुवार आलापाच्या वेळीं हातभर अंतरावरून असें बोलणें आलें तर त्या आलापाचें काय होत असेल, हें निराळें सांगावयास नको.

यावर व्यवस्थापकांजवळ एक उपाय असतो, तो म्हणजे आवाज वाढविण्याचा. हा उपाय रोगापेक्षां वाईट. उघड्या जागेंत ध्वनीच्या उगमापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं तो सहा डेसिबलांनीं उतरतो. म्हणून शेवटच्या रांगेला पुरेल असा कर्णा पुढेंच ठेवला तर पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसतात. अधिक संख्येनें लहान कर्णे थोड्या थोड्या अंतरावर ठेवावेत, हें ज्यांना कळतें ते तसें करतातही. आमच्याकडील वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वीं वेरूळला कैलास लेण्याच्या सान्निध्यांत होत असे, पुढें तो शहरांतील सोनेरी महालाच्या आवारांत होऊं लागला. मध्यंतरीं कांहीं वर्षें खंड पडून २०२३ च्या फेब्रुवारींत पुन्हां भरला. अशा उघड्यावरच्या मैफलींत ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या माणसाचें काम साथीदारापेक्षां कमी मोलाचें नसतें. बंद सभागृहांत भिंती ध्वनि परत फेंकतात, तेथें तर आवाज जितका वाढवावा तितकी तान अस्पष्ट होते. शिवाय एक विचित्र गोष्ट अशी, कीं गाणें मोठ्यानें ऐकूं येऊं लागलें कीं बोलणारे गप्प होत नाहींत. तेही आपला आवाज वाढवितात.

दूरध्वनीबद्दल फार बोलण्यासारखें नाहीं. तो बंद ठेवावा, हें सर्वांस माहीत आहे. तो हातांत उंच धरून चित्र टिपणाऱ्या माणसाचा त्रास मात्र नवा आहे. अंधारांत त्या चौकोनी उजेडाकडे डोळा जातोच, आणि मागच्या माणसाला गवई त्या चौकोनांतच पाहावा लागतो.

दाद हा उपद्रव आहे कीं नाहीं, याविषयीं माझें मत अनेकांस पटणार नाहीं. समेवर मान हलते, तोंडून "वा!" निघतें, त्यानें गवयाला बळच येतें. मराठी श्रोत्याची वन्समोअरची जुनी खोडही मला उपद्रव वाटत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें संगीत शाकुंतल १८८० सालीं पुण्यांत रंगभूमीवर आलें. पुढें बालगंधर्वांच्या काळांत पदांना पुनःपुन्हां वन्समोअर मिळून नाटकें पहाटेपर्यंत लांबत. तो हट्ट खरा, पण ऐकणाऱ्याचा हट्ट. मला त्रास होतो तो तान संपण्यापूर्वींच टाळी वाजविणाऱ्याचा, कारण तान समेवर कशी येते हें ऐकण्याचीच तर मौज असते. चुकीच्या तालाबद्दल बोलावयाचा मला अधिकार नाहीं. तरुणपणीं एकदां मी खुर्चीच्या हातावर मोठ्या आत्मविश्वासानें त्रितालाचे ठोके देत होतों. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनीं एक शब्दही न बोलतां आपला तळहात माझ्या बोटांवर ठेवला आणि पुढची दोन आवर्तनें तसाच राहूं दिला. ताल झपताल होता.

आतां माझ्या मोठ्या अपराधाकडे वळतों. सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवीच्या वर्गांतील पंचवीस मुलें घेऊन मी शहरांत गाण्याला गेलों. पत्रिकेवर सहाची वेळ होती. सहा म्हणजे साडेसात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. म्हणून मुलांना निवांत खाऊं घालून पावणेसातला आम्ही दाराशीं पोहोंचलों. त्या दिवशीं गाणें ठीक सहाला सुरू झालें होतें! विलंबित ख्यालाची बढत चालली होती. पंचवीस मुलें, त्यांच्या चपला, खुर्च्यांचीं उघडमीट करणारीं बैठकीचीं फळकुटें. गाणाऱ्या बाई थांबल्या नाहींत, रागावल्याही नाहींत. त्या मागें षड्जावर आल्या, आणि शेवटचा मुलगा बसेपर्यंत दोन-तीन आवर्तनें नुसता मुखडा घेऊन त्याच जागीं राहिल्या. मला वाटलें, बरें झालें, कांहीं बिघडलें नाहीं. मध्यंतरांत एक वृद्ध गृहस्थ मजजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, मुलांना आणलेंत हें फार चांगलें केलेंत. पण आमचा गंधार तुम्ही घेऊन गेलांत."

बढत म्हणजे एकेक स्वर उलगडीत वर चढणें. बाई गंधाराशीं येऊन पोहोंचल्या होत्या, आणि आमच्यासाठीं पायऱ्या उतरून खालीं आल्या होत्या. परत चढल्या खऱ्या, पण त्या गृहस्थांच्या सांगण्याप्रमाणें तो पहिला गंधार निराळा होता. त्या मुलांतील एक जण सध्यां शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला आहे. तो अजून गाण्याला येतो आणि वेळेपूर्वीं अर्धा तास येऊन बसतो. बाकीचीं चोवीस पुन्हां कधीं गाण्याला दिसलीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे.

या प्रसंगापासून माझें मत असें झालें आहे कीं मैफलींतील निम्मे उपद्रव एकाच मुळापासून निघतात, आणि तें मूळ श्रोत्यांच्या रांगेंत नसून व्यासपीठावर आहे. कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीं म्हणून लोक उशिरां येतात. लोक उशिरां येतात म्हणून कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीं. त्या रिकाम्या वेळांत दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ आणि देणगीदारांची नामावळी चालते. पहिली रांग ज्या पाहुण्यांसाठीं राखलेली असते ते सत्काराला येतात आणि आलापाच्या वेळीं, कॅमेऱ्यांसह, उठून जातात. पूर्वीं रात्र मोकळी होती, तेव्हां हा वेळ कोणाच्या पदरचा जात नसे. पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं पुण्यास सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्ररात्र चाले, आणि पहाटेचे राग पहाटेस ऐकावयास मिळत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं आले. त्यांप्रमाणें बंद सभागृहें सोडून इतरत्र रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. सरकारला वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. झोपेची गरज असलेल्या शेजाऱ्यांच्या दृष्टीनें हा नियम योग्यच आहे, आणि मी त्याविरुद्ध बोलत नाहीं. पण त्याचा एक अर्थ व्यवस्थापकांनीं अद्याप ओळखलेला नाहीं. सहापासून दहापर्यंत चार तास; त्यांतले पाऊण तास उशिराचे व पाऊण तास सत्काराचे गेले, तर उरलेल्या अडीच तासांत दोन कलावंत बसवावे लागतात. शालीला कात्री लागत नाहीं, ती विलंबिताला लागते. पाऊण तासाचा ख्याल वीस मिनिटांत आवरतो, आणि दरबारी कानड्यासारखा मध्यरात्रीचा राग नऊच्या ठोक्याला घाईनें उरकावा लागतो.

शेवटीं भैरवी. भैरवीच्या आरंभीं जे उठतात त्यांच्याकडे लोक रागानें पाहतात, आणि मी पुष्कळदां त्या उठणाऱ्यांत असतों. पायांखालीं पाहत, गुडघे चुकवीत, क्षमा मागत मी दाराकडे जातों. दाराबाहेर भैरवीचा मुखडा अर्धवट ऐकूं येतो, आणि रस्त्यावर आल्यावर तोही वाहनांच्या आवाजांत जातो. मला गांवीं जावयाचें असतें, आणि जालन्याकडील गाडी सोडली तर रात्र बसस्थानकावर काढावी लागते. माझ्यासारखे पैठणकडचे, फुलंब्रीकडचे, गंगापूरकडचे श्रोते प्रत्येक मैफलींत असतात. व्यवस्थापकांना माझी विनंती एवढीच आहे, कीं पत्रिकेवर सहाची वेळ छापली असेल तर सहाला तंबोरे जुळलेले असावेत, सत्कार मध्यंतरांत उरकावा, आणि उशिरां आलेल्यांना पहिला ख्याल संपेपर्यंत दाराबाहेरच थांबवावें, मग त्यांच्यांत पंचवीस मुलांसह आलेला एखादा मास्तर कां असेना. तसें झालें तर भैरवी साडेनऊच्या आंत संपेल, आणि मला ती बसून ऐकतां येईल.