आधी खोली, मग स्पीकर

घरातील ध्वनिव्यवस्थेचा दर्जा स्पीकरच्या किमतीवर ठरतो, हा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात स्पीकरमधून थेट येणाऱ्या आवाजाइतकाच भिंतींवरून परतलेला आवाजही कानावर पडतो. खोलीने आवाज परतवण्याच्या व शोषण्याच्या या वर्तनाला कक्षध्वनिकी (रूम अकौस्टिक्स) म्हणतात. चिबड जमिनीत हळदीचे उंची बेणे लावले तरी कंद सडतातच. गुंजणाऱ्या खोलीत महाग स्पीकरचेही तसेच होते.

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावात आता स्लॅबची घरे सर्रास दिसतात. प्लास्टरच्या भिंती आणि फरशी आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. अशी १२ बाय १० फुटांची रिकामी खोली दोन सेकंदांहून अधिक काळ घुमू शकते. संगीतासाठी अर्धा सेकंद पुरे. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा हा वेळ, म्हणजे निनादकाल. तो मोजण्याचे सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबाईन यांनी बसायच्या गाद्या वापरून केलेल्या प्रयोगांतून काढले.

म्हणून खर्चाचा क्रम उलटा असावा. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढणे फुकट आहे आणि त्याने खर्जाची घरघर कमी होते. मग सतरंजी, जाड गोधड्या, पुस्तकांचे कपाट. पातळ पडदा फक्त तीव्र स्वर शोषतो. खर्जाला गादीची जाडी लागते. अंड्यांचे ट्रे मात्र निरुपयोगीच. उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत, अँप्लिफायरवर त्यानंतर आणि महागड्या वायरींवर शक्यतो नाहीच.