कॅमेऱ्याला मन दिसत नाही

मैत्रिणींनो, कथा जमते म्हणजे पटकथाही जमेल, असं मलाही वाटलं होतं. पहिलीच साभार परत आली! लिहिलं होतं, ‘माहेरच्या आठवणीनं सुमनला गलबलून आलं.’ हे कॅमेऱ्यानं टिपायचं कसं? मग बदललं :

‘आत. स्वयंपाकघर. रात्र.
सुमन लोणच्याची बरणी उघडते. बरणीवर चिठ्ठी, “सुमीसाठी - आई”. तळाशी एकच फोड. ती झाकण परत लावते.’

क्रिया वर्तमानकाळात. पात्राचं नाव मधोमध, त्याखाली संवाद. अशी मांडणी केली की १ पान म्हणजे पडद्यावरचं साधारण १ मिनिट धरतात. आणि स्थळ-वेळ वर हवीच, कारण स्वयंपाकघराची सगळी दृश्यं शक्यतो एकदमच उरकतात, पुढची-मागची कशीही. संवाद मात्र माझे अजून लांबतात. बोलायची सवय, दुसरं काय!