संगणकातील नोंदींची स्वयंचलित प्रत : चिकित्सालय व औषधालयासाठी एक आवश्यक व्यवस्था

जीर्ण व्याधींमध्ये रुग्णाची मागील नोंद ही चिकित्सेचेच एक अंग असते. प्रकृती, अग्निबल, पूर्वी योजलेले कल्प, त्यांची मात्रा, अनुपान व मिळालेला उपशय यांचा वृत्तांत हाती असेल, तरच पुढील योजना निश्चित करता येते. औषधालयातील हिशेबाचे महत्त्वही कमी नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यावसायिकाने आपले हिशेब संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करणे बंधनकारक आहे. हे सर्व आज एका हार्ड डिस्कवर असते, आणि ती निकामी होण्यापूर्वी लक्षणे दाखवीलच असे नाही.

प्रत काढण्याचे काम मनुष्याच्या स्मरणावर सोपविले, की गर्दीच्या दिवशी ते राहून जाते. म्हणून ते संगणकाकडेच सोपविणे हितावह. विंडोज प्रणालीत २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फाइल हिस्टरी’ ही सोय अंतर्भूत असून विंडोज ११ मध्येही ती उपलब्ध आहे. खर्च केवळ बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कचा.

योजना पुढीलप्रमाणे करावी :

१) बाह्य डिस्क जोडून कंट्रोल पॅनेलमधील ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’ या विभागात ‘फाइल हिस्टरी’ उघडावी.

२) ‘सिलेक्ट ड्राइव्ह’मध्ये ती डिस्क निवडून ‘टर्न ऑन’ हे बटण दाबावे.

३) ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये प्रतीचा कालावधी ठरवावा. मूळ योजनेत तो एक तासाचा असतो. दहा मिनिटांपासून एक दिवसापर्यंत तो बदलता येतो. चिकित्सालयास एक तास पुरेसा आहे.

४) त्याच ठिकाणी जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवावयाच्या तेही ठरवावे. मूळ योजनेत त्या कायम ठेवल्या जातात. ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ हा पर्याय निवडल्यास जागा अपुरी पडताच जुन्या आवृत्त्या काढल्या जातात. हिशेबाच्या दृष्टीने मूळ योजनाच ठेवावी व डिस्क भरत आल्यास नवी घ्यावी.

येथपर्यंतची कृती सोपी आहे. परंतु खरी मेख पुढेच आहे. ही सोय संपूर्ण संगणकाची प्रत काढीत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या ठरावीक फोल्डरांचीच ती दखल घेते. औषधालयाच्या बिलिंग प्रणालीची माहिती मात्र पुष्कळदा सी किंवा डी ड्राइव्हवरील स्वतंत्र फोल्डरमध्ये असते. म्हणजे प्रत नियमितपणे निघत राहते, मालक निश्चिंत असतो आणि नेमका हिशेबच तिच्यात नसतो. शिवाय प्रणाली चालू असताना तिच्या उघड्या फायलीची प्रत निर्दोष निघेल याचा भरवसा धरता येत नाही.

यावर उपाय असा की, बहुतेक बिलिंग प्रणालींत स्वतःची बॅकअपची सोय असते, तिचे ठिकाण डॉक्युमेंट्समधील एका फोल्डरवर निश्चित करावे आणि दुकान बंद करताना ती प्रत काढावी. शक्य असेल तेथे प्रणालीतच तिची वेळ नेमून द्यावी. तेथून पुढे बाह्य डिस्कवर नेण्याचे काम फाइल हिस्टरी करील.

एकच प्रत पुरेशी मानू नये. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या. अशा वेळी संगणकास जोडलेली डिस्कही सुरक्षित राहत नाही. आग, चोरी व पूर यांचाही विचार हवा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असे पाणी दुकानात शिरले, तर संगणक व शेजारची डिस्क दोन्ही एकाच वेळी जातात. म्हणून दुसऱ्या डिस्कवर आठवड्यातून एकदा प्रत काढून ती घरी, कुलुपात ठेवावी. रुग्णांची गोपनीय माहिती तीत असल्याने ही दक्षता वैद्याच्या कर्तव्याचाच भाग आहे.

शेवटी परीक्षा. महिन्यातून एकदा ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’ उघडून आदल्या दिवशीची बिलिंगची प्रत तेथे दिसते का, ते पाहावे. ती फाइल निवडून, खालील हिरव्या बटणावर माऊसची उजवी कळ दाबून ‘रिस्टोअर टू’ या पर्यायाने वेगळ्या फोल्डरमध्ये आणावी. मूळ जागी आणू नये, अन्यथा चालू फाइल बदलण्याचा संभव असतो. त्यानंतर ती प्रत बिलिंग प्रणालीत उघडते का, हे विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडून एकदा समजून घ्यावे, कारण चुकीच्या रीतीने उघडल्यास चालू हिशेबावर जुना हिशेब चढू शकतो.

कल्प तयार झाला तरी परीक्षणावाचून तो रुग्णास देत नाहीत. प्रतीचेही तसेच आहे : जी परत उघडून पाहिली, तीच खरी प्रत समजावी. ही व्यवस्था लावण्यास एक दुपार पुरते. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी ती या तिमाहीतच लावून घ्यावी, ही विनंती.